सगळं एकट्या कॅप्टननेच करायचं का? (वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं)

मागच्या अंकात शाळा-कॉलेजातल्या रोबोटिक्स टीमवर लेख आला आणि तेव्हापासून माझा मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही भरून वाहतंय. मोटर कुठली घेऊ, चाकं कुठली लावू असे प्रश्न आलेच, पण त्याच्या दुप्पट प्रश्न माणसांचे आहेत. कोण कामच करत नाही, कोण कोणाला हात लावू देत नाही, हरल्यावर खापर कोणाच्या डोक्यावर फुटलं. म्हणून या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. नाव कोणाचंच छापत नाही, तेव्हा बिनधास्त लिहा.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, कॉलेजच्या रोबोकॉन (कॉलेजांमधली रोबोट स्पर्धा) टीमचा कॅप्टन. कागदावर टीम अठरा जणांची, पण रात्री लॅबमध्ये मी आणि एक मित्र एवढेच. ग्रुपवर मेसेज टाकला की सगळे अंगठा टाकतात आणि येत कोणीच नाही. वायरिंग मी, कोड मी, सामान आणायला गावात मी. ज्युनिअरने सोल्डरिंग केलं तरी मला ते काढून परत करावं लागतं, म्हणून आता मीच करतो. विषय मागे राहून बॅकलॉग लागायची वेळ आलीये. यांना कामाला कसं लावू? (एक कॅप्टन, नाशिक)

ताई: अरे, तुझी चिडचिड समजते, आणि अठरातले चार-पाच जण नुसते सर्टिफिकेटसाठी आलेत हेही खरं असणार, तसे प्रत्येक टीममध्ये असतात, त्यांच्यापायी जीव जाळू नको. पण बाकीचे दहा-बारा? तुझ्याच मेलमधलं ते सोल्डरिंगचं वाक्य परत वाच बरं. एक पोरगा अकरा वाजेपर्यंत बसून बोर्ड करतो, दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर दादाने सगळं काढून नव्याने केलेलं. एक शब्द न बोलता. तो तिसऱ्या दिवशी कशाला येईल सांग?

मॅक्स रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच शेती-इंजिनिअर होता, त्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि 1913 मध्ये ते छापलं. एकटा माणूस जेवढं ओढतो ते शंभर धरलं तर आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पन्नास येतं. आता कोणी म्हणेल की एवढ्या लोकांचा जोर एका वेळी जुळत नाही म्हणून तसं होत असेल, आणि थोडं तेही आहे, पण 1974 मध्ये अमेरिकेत हाच प्रयोग वेगळ्या पद्धतीने केला, डोळ्याला पट्टी बांधून पुढे एकाला उभं केलं, मागे उभे असलेले नुसतं ओढायचं नाटक करत होते, म्हणजे खरा ओढणारा एकटाच, तरी आपल्यामागे लोक आहेत एवढ्या समजुतीनेच त्याचा जोर कमी झाला. ही सगळी आळशी माणसं नव्हती. ‘माझ्यावाचून अडणार नाही’ असं वाटलं की कोणाचाही हात सैल पडतो, तुझाही पडेल आणि माझाही.

तुझ्या ग्रुपवर काय चालतं? ‘कोणीतरी बॅटरी चार्जिंगला लावा रे.’ हे कोणालाच सांगितलं नाही असं झालं. त्याऐवजी नाव घेऊन, आणि तुकडा नाही तर अख्खी गोष्ट द्यायची. म्हणजे ‘ग्रिपरचे (रोबोटच्या पकडायच्या पंजाचे) स्क्रू आवळ’ हे काम देऊ नको, ग्रिपरच देऊन टाक, त्याचं डिझाइन, त्याचं सामान, त्यासाठीचे पैसे आणि तो आधी दोनदा फसणार तेही त्यांचंच. दोघांना मिळून दे, एकाला नको, कारण एक आजारी पडला तर दुसऱ्याला माहीत असलं पाहिजे. आणि शनिवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं, चालला नाही तरी दाखवायचं आणि का चालला नाही ते सांगायचं. तारीख ठरलेली असली की माणसं येतात, तुझ्या मेसेजमुळे येत नाहीत.

आता त्या सोल्डरिंगचं. तू शेजारी बस आणि सोल्डरिंग आयर्न त्याच्या हातात राहू दे. त्याला दाखव की आधी बोर्डावरचा पॅड आणि पार्टची पिन दोन्ही तापवायचं, मग सोल्डरची तार त्या तापलेल्या जागेला लावायची, आयर्नच्या टोकाला नाही. आपल्या नेहमीच्या शिसेवाल्या सोल्डरचा चांगला जॉइंट चमकतो आणि पायथ्याशी पसरून वर निमुळता होतो, मातीच्या गोळीसारखा गोल आणि मळकट दिसला तर तो कोल्ड जॉइंट, हलवला की सुटणार. पहिले पाच तो बिघडवेल. बिघडवू दे, जुन्या बोर्डावर बिघडवू दे. तुझा एक तास जाईल खरा, पण पुढचे सगळे बोर्ड तुझ्या डोक्यावरून उतरतील.

आणि राहिले ते सर्टिफिकेटवाले. त्यांच्याशी ग्रुपवर नाही, समोर बसून एकेकट्याशी बोल, काय जमेल ते विचार, कुणाला खरंच घरची अडचण असते, कुणाला गंगापूरहून शेवटची बस गाठायची असते, त्याला दुपारचं काम दे. ज्याला काहीच नकोय त्याला प्रेमाने मोकळं कर. अठराचे अकरा झाले तर टीम लहान झाली म्हणून घाबरू नको. बॅकलॉगचं मात्र मी मनापासून सांगते, परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस लॅबची चावी दुसऱ्याकडे दे. तू नसताना काय काय अडतं ते त्या पंधरा दिवसात कळेल, आणि जे जे अडेल ते शिकवायचं राहून गेलंय असं समज.

प्रश्न: आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. आम्ही सहा जण स्पर्धेला जाणारोत, त्यात मी एकटी मुलगी. मला कायम चार्ट, पीपीटी आणि बोलायचं काम. तुझं अक्षर छान आहे, तू छान बोलतेस असं म्हणतात. मला गिअर लावायचेत. सरांना सांगितलं तर सर म्हणाले आपसात ठरवा. (नववीतली मुलगी, नाशिक रोड)

ताई: अगं, तुझा मेल मी दोनदा वाचला. ‘मला गिअर लावायचेत’ हे तू इतकं सरळ लिहिलंयस ना, हेच वाक्य टीमसमोर असंच्या असं बोल. ‘मलाही काहीतरी द्या ना’ असं नको, कारण मग ते तुला स्क्रू मोजायला देतील. कुठला भाग हवाय त्याचं नाव घे, म्हणजे पुढची चाकं आणि गिअर माझ्याकडे, मी आणि अमुक मिळून करणार, पुढच्या शुक्रवारी दाखवणार.

ते म्हणतील तुला येत नाही. खरंच आत्ता येत नसेल, कारण गेले कित्येक महिने स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात आहे आणि स्केचपेन तुझ्या. हात लावल्याशिवाय कोणालाच येत नाही, त्यांनाही पहिल्या दिवशी येत नव्हतं. लॅबमध्ये एखादी जुनी गिअर मोटर पडलेली असेल ती माग, उघड, आतला लहान गिअर किती दातांचा आणि मोठा किती दातांचा ते मोज. लहान बारा दातांचा आणि मोठा छत्तीसचा असेल तर वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि जोर जवळपास तिप्पट होतो, घर्षणात थोडा जातो. हे एकदा स्वतःच्या बोटाने फिरवून बघितलं की चढावर आपला रोबोट का अडतो त्याचं उत्तर तूच सांगशील.

सरांसाठीही दोन ओळी लिहिते, त्यांना दाखव. अटल टिंकरिंग लॅब नीती आयोगाने 2016 पासून सुरू केल्या त्या सहावी ते बारावीच्या सगळ्या मुलामुलींनी स्वतःच्या हाताने करून बघावं म्हणून, वीस लाखांपर्यंतचं अनुदान त्यासाठीच असतं. ‘आपसात ठरवा’ म्हटलं की जो मोठ्याने बोलतो त्याचंच ठरतं. सर, कामं फिरती ठेवा ना, दर दोन आठवड्यांनी बदलायची, चार्ट सगळ्यांनी करायचा आणि पाना सगळ्यांनी धरायचा. स्पर्धेच्या हिशेबानेही यातच फायदा आहे. फर्स्ट लेगो लीगसारख्या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेत रोबोटची गेम, रोबोटचं डिझाइन, प्रोजेक्ट आणि टीम म्हणून कसे वागता या चारही गोष्टींना सारखंच वजन असतं, आणि परीक्षक कुठल्याही मुलाकडे वळून विचारतात की हे असं का केलं. तिथे पाच मुलांना प्रोजेक्ट सांगता आला नाही आणि एका मुलीला रोबोट सांगता आला नाही तर ते लगेच दिसतं.

आणि लिहिण्याचं काम कमी दर्जाचं असं मात्र डोक्यात घेऊ नको हं. रोज काय केलं, काय मोडलं, काय बदललं याची वही ज्या टीमकडे असते ती टीम पुढे जाते. फक्त ती वही ज्याने काम केलं त्याने लिहायची. तुझ्या गिअरचं पान तू लिही, कोडचं पान कोडवाला लिहील, अक्षर कसंही असू दे.

प्रश्न: आमच्याकडे मेकॅनिकल आणि कोडिंग असे दोन गट झालेत. रोबोट जोरात निघताना किंवा एकदम उलटा फिरताना मध्येच बंद पडून परत चालू होतो, नुसता उभा असताना काही होत नाही. ते म्हणतात तुमची वायरिंग, आम्ही म्हणतो तुमचा कोड. आता एकमेकांशी बोलणंही बंद आहे. कॅप्टन दोघांनाही ‘हो हो’ म्हणतो. (सेकंड इयर, मेकॅनिकल)

ताई: आधी रोबोटचं बघू, कारण तू लिहिलंयस की रोबोट जोरात निघताना किंवा एकदम उलटा फिरताना बंद पडतो आणि उभा असताना तासभर काही होत नाही. मोटर थांबलेली असताना एकदम चालू केली की ती क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्या वेळी बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं, आणि त्याच लाइनवर तुमचा ईएसपी-32, म्हणजे ज्यात कोड चालतो तो बोर्ड, असेल तर त्याला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही आणि तो स्वतःला रीसेट करतो. बोर्ड त्याचं काम बरोबर करतोय. आता त्यात बारीक वायर असेल, कनेक्टर सैल असेल, बॅटरी अर्धी उतरलेली असेल तर अजून लवकर होणार. म्हणजे वायरिंग पण खरं. आणि कोडमध्ये मोटरला शून्यावरून एकदम फुल न देता अर्ध्या सेकंदात चढवत नेलं तर तेच वायरिंग कदाचित पुरेल. म्हणजे कोड पण खरं. बोर्डाला वेगळा बक कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून स्थिर देणारं सर्किट) द्या, कनेक्टर ओढून बघा, वेग हळू चढवा. यातलं एकेक करून बघा, तिन्ही एकदम केलंत तर नेमकं कशाने सुटलं ते कळणार नाही.

हे शोधायला एक जण मल्टिमीटर धरून आणि एक जण लॅपटॉप घेऊन एकाच टेबलावर बसावा लागतो. तुमच्याकडे अडलंय ते इथे. तुमच्या कॅप्टनने दोघांना हो म्हणणं सोडून दोघांना एका टेबलावर बसवायला पाहिजे, आणि पहिला प्रश्न ‘काय झालं, कधी झालं’ असा विचारायला पाहिजे. ‘कोणामुळे झालं’ असं विचारलं की माणूस लगेच स्वतःला वाचवायला लागतो आणि खरी माहिती तिथेच अडकते.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला, औषध देताना चुका किती होतात ते बघायला. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी दिसतील, आणि आकडे आले उलटे, चांगल्या टीममध्ये नोंदवलेल्या चुका जास्त. नीट बघितल्यावर लक्षात आलं की तिथले लोक चूक झाली की सांगत होते आणि बाकीच्या ठिकाणी दाबून ठेवत होते. तुमच्या लॅबमध्ये एखाद्याला आठवड्यापूर्वीच माहीत असेल की तो कनेक्टर सैल आहे, आणि दुसऱ्या गटाला आयतं कोलीत नको म्हणून तो गप्प असेल. मला तर तशी बरीच शंका आहे.

तुम्ही कॅप्टन नसलात तरी सुरुवात तुम्ही करू शकता. उद्या जाऊन कोडवाल्यांना म्हणा, मी वायरिंग तपासतोय, माझ्या शेजारी बसून लॅपटॉपवर सिरियल मॉनिटर (बोर्डाकडून येणारे मेसेज) बघतोस का, रीसेट झाला की सांग. एवढंच. चहा नंतर प्या.

प्रश्न: माझा मुलगा दहावीला आहे, शाळेच्या रोबोटिक्स टीमचा लीडर आहे. रात्री साडेनऊ-दहाला घरी येतो आणि ती बॅटरी घरी आणून पलंगाशेजारी रात्रभर चार्जिंगला लावतो. लीडर आहे म्हणून मलाच करावं लागतं म्हणतो. त्याचा उत्साह मोडायचा नाहीये पण काळजी वाटते. (एक आई, इंदिरानगर)

ताई: ताई, तुमची काळजी अगदी योग्य आहे आणि बॅटरीच्या बाबतीत तर तुम्ही आजच ठाम राहा. ही बहुतेक लिथियम पॉलिमर म्हणजे लिपो बॅटरी असणार, चंदेरी किंवा रंगीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चपटी वीट. मोबाइलमध्ये असते तसं संरक्षणाचं सर्किट यातल्या बऱ्याच बॅटऱ्यांमध्ये नसतं. प्रत्येक सेल 4.2 व्होल्टच्या वर जाता कामा नये, तीन सेलची बॅटरी असेल तर पूर्ण भरल्यावर 12.6. त्यासाठी प्रत्येक सेल सारखा भरणारा बॅलन्स चार्जर लागतो, आणि कोणीतरी जागं माणूस समोर लागतं. झोपताना कधीच नाही, आणि गादी, पलंग, पडदा यांच्या जवळ तर नाहीच. फरशीवर, मोकळ्या जागी. बॅटरी फुगलेली दिसली, कोपरा दबलेला दिसला, तर ती परत चार्जच करायची नाही, शिक्षकांकडे द्यायची. लिपोने पेट घेतला की वेळ मिळत नाही.

तुमचा मुलगा जबाबदार आहे, म्हणूनच ती घरी आणतो. त्याला एवढं सांगा की लीडर म्हणून त्याचं काम चार्जिंगची पद्धत ठरवणं हे आहे, रात्री जागणं नाही. शाळेतच चार्जिंगची वेळ ठरवायची, मोठं माणूस हजर असताना, भिंतीवर तक्ता लावायचा, बॅटरीवर नंबर टाकायचे, कोणी लावली कोणी काढली ते लिहायचं. काही दिवस वापरायची नसेल तर प्रत्येक सेल साधारण 3.8 व्होल्टवर ठेवायचा. हे सगळं सातवी-आठवीची मुलंसुद्धा शिक्षकांसमोर छान करतात, मी बघितलंय.

वेळेचं म्हणाल तर शाळेशी बोला, एकट्याने नाही, टीममधल्या दोन-तीन पालकांनी मिळून. साडेसातला लॅब बंद म्हणजे बंद. दहावीच्या मुलाने वर्षभर लीडर राहिलंच पाहिजे असं काही नाही, दिवाळीनंतर नववीच्या मुलाकडे सूत्रं देऊन तो सल्ल्यापुरता राहू शकतो. त्याला वाईट वाटेल सुरुवातीला. तेव्हा त्याचं ऐकून घ्या, लगेच समजूत घालायला जाऊ नका.

प्रश्न: स्पर्धेच्या ठिकाणी दुसऱ्या कॉलेजची टीम आमच्याकडे मोटर ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा बोर्ड) मागायला आली. आमच्याकडे एक जादा होता. कॅप्टनने दिला आणि आमच्याच टीममध्ये भांडण झालं. कोणाचं बरोबर? (वाचक, पंचवटी)

ताई: कॅप्टनचं. डीन केमन यांनी 1989 मध्ये अमेरिकेत रोबोट स्पर्धा घेणारी फर्स्ट ही संस्था सुरू केली, तिथे अमेरिकेतल्याच एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी पहिल्यापासून हेच रुजवलं, की जीव तोडून खेळायचं आणि समोरच्याला मान आणि मदत दोन्ही द्यायची. त्यांच्या टेक चॅलेंज नावाच्या स्पर्धेत तर दोन-दोन टीमची जोडी लावतात आणि या मॅचमधला जोडीदार पुढच्या मॅचला समोर उभा असतो. समोरच्याचा रोबोट चालू स्थितीत असताना जिंकलात तर तुमच्या कामाची किंमत कळते. फक्त एक, देण्याआधी कॅप्टनने टीमला दहा सेकंद विचारायला हवं होतं, सामान सगळ्यांचं असतं.

प्रश्न: आम्हाला अ‍ॅल्युमिनियमचे काही पार्ट करून हवेत. अंबडला आणि सातपूरला इतके कारखाने आहेत पण कोणी दारात उभं करत नाही. स्पॉन्सरशिपचं पत्र घेऊन फिरलो, सगळीकडे ‘बघू’ म्हणतात. (टीम मॅनेजर, सिडको)

ताई: पत्र बाजूला ठेव आणि ड्रॉइंग घेऊन जा. मोठ्या कंपनीच्या गेटवर पत्र दिलं की ते एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये जातं, त्यात त्यांचाही इलाज नसतो. त्यापेक्षा मोठ्या कंपन्यांना जॉबवर्क करून देणारे जे छोटे वर्कशॉपवाले आहेत, दोन लेथ, एक मिलिंग, एखादं व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशिन, त्यांच्याकडे मालक स्वतः मशिनशेजारी उभा असतो. त्याच्याकडे पैसे मागू नका, काम मागा. जाताना मापं टाकलेलं ड्रॉइंग न्या, कुठलं माप काटेकोर हवं आणि कुठे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल ते त्यावर लिहा. सगळीकडेच काटेकोर मागितलंत तर तो मनातल्या मनात हात जोडतो, कारण तेवढ्याच भागाला तिप्पट वेळ लागतो. लेझर कटिंगवाल्याकडे जाणार असाल तर ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल पेनड्राइव्हवर असू द्या आणि पत्र्याची जाडी ठरवून जा. आणि त्याला विचारा की काका, हा भाग कसा केला तर तुम्हाला सोपा पडेल? दहापैकी सात वेळा तो एखादा कोपरा बदलायला सांगतो आणि पार्ट हलका आणि स्वस्त होतो. हे विचारायला ज्युनिअरला सोबत न्या, त्याला तिथे उभं राहून जे कळेल ते कॉलेजच्या वर्कशॉपच्या जर्नलमधून कळणार नाही.

त्यांच्या कामाची गडबड असते तेव्हा जाऊ नका, आधी फोन करून वेळ विचारा, तुमचा जॉब उरलेल्या वेळात उरलेल्या तुकड्यातून होईल हे धरून चाला, म्हणजे आठवडा-दोन आठवडे आधी. आणि रोबोट तयार झाला की तो उचलून त्यांच्या शेडमध्ये घेऊन जा आणि सगळ्या कामगारांसमोर चालवून दाखवा. पुढच्या वर्षी पत्र लागत नाही.

प्रश्न: सगळी टीम म्हणते स्पर्धा. मला वाटतं 2027 च्या सिंहस्थासाठी काहीतरी करावं, आपल्याच गावात होतोय. मी लीडर आहे पण एकटा पडलोय. माझं म्हणणं रेटू का? (अकरावी, म्हसरूळ)

ताई: रेटू नको, दाखव. 2003 च्या नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली, तुझ्या घरातल्या मोठ्यांना विचार, त्यांना तो दिवस आठवत असेल. पुढे 2015 च्या सिंहस्थाच्या आधी एमआयटीचे रमेश रासकर, जे मूळचे नाशिकचेच, त्यांच्या पुढाकाराने इथे कुंभथॉन, म्हणजे कुंभातल्या अडचणींवर उपाय शोधायचं शिबिर, झालं, आणि त्यातूनच नाशिकच्या एका शाळकरी मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी पायाखाली अंथरायची मॅट केली, आशिओतो नावाची, तिच्यावरून किती पावलं गेली ते मोजून गर्दीचा अंदाज देणारी. ती 2015 च्या कुंभात प्रत्यक्ष वापरली गेली. म्हणजे तुझ्या वयाच्या पोरांनी, तुझ्याच गावात हे केलेलं आहे.

आता टीमला भाषण देऊ नको. त्यातल्या ज्या दोघांना थोडी उत्सुकता आहे त्यांना एखाद्या रविवारी रामकुंडावर घेऊन जा, दोन तास बसा, गर्दी कुठे अडते, निर्माल्य कुठे साठतं, वयस्कर माणसं पायऱ्यांवर कुठे थबकतात, ते फक्त लिहून आणा. बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांना आणि सफाई कामगारांना विचारा तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. आठ ओळी झाल्या की त्या टीमसमोर ठेव. त्यानंतरही बहुतेकांना स्पर्धाच हवी असेल तर स्पर्धा करा, मनापासून करा, लीडर म्हणून तुझंच ऐकलं गेलं पाहिजे असं नसतं. तुम्ही तिघं हे बाजूला चालू ठेवा.

प्रश्न: मी बारावीला चाललेय, टीम सोडावी लागणार. नवा कॅप्टन मतदानाने निवडावा की मी आणि सरांनी ठरवावा? मला वाटतं जिला कोडिंग सगळ्यात चांगलं येतं तिलाच करावं. (कॅप्टन, गंगापूर रोड)

ताई: नुसतं मतदान ठेवलं तर जो लोकप्रिय तो येतो, आणि नुसतं सरांनी ठरवलं तर टीम मनातून मानत नाही. दोन-तीन जणांना आधी एकेक छोटी जबाबदारी चालवू दे, एखादी सराव-मॅच किंवा एका महिन्याचं बजेट, आणि मग टीमला विचार की कोणाबरोबर काम करताना तुम्हाला शिकायला मिळालं. कोडिंगवाल्या मुलीबद्दल जरा थांब. तिला कॅप्टन केलं तर ती कोड सोडून माणसं सांभाळत बसेल, तिला ते हवंय का हे आधी विचार. हवं असेल तर तिच्या हाताखाली कोड शिकलेलं कोणी आहे का ते बघ, नसेल तर आधी ते कर.

जाताना सामान नीट दे. डब्यांवर चिठ्ठ्या, दुकानदारांचे आणि वर्कशॉपच्या काकांचे नंबर, कोडच्या सगळ्या आवृत्त्या एका ठिकाणी, आणि यंदा काय काय फसलं त्याची दोन पानं, ती तर नक्की. शेवटचा महिना तू लॅबमध्ये बस पण पान्याला हात लावू नको, विचारलं तरच सांग. आणि ड्राइव्हचा पासवर्ड अजून एकट्या तुझ्याकडेच असेल तर तो आज संध्याकाळीच दोघींना देऊन टाक.